मंगळवारची गोळी

जंताच्या गोळीवरून माणसं राजकारण करतील, असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. जंत हा माझ्या आवडीचा विषय. हे पाहुण्यांना सांगितलं की ते हातातला चहा खाली ठेवतात. फॉर्मॅलिनच्या बरणीतला लांबलचक पांढरा जंत मी दरवर्षी नव्या वर्गापुढे धरायची आणि म्हणायची, "हा तुमच्या पोटात राहतो, तुमचंच जेवण जेवतो आणि वर भाडंही देत नाही." पोरं हसायची. त्यांचं हसून झालं की मी शिकवायला सुरुवात करायची.

रिटायर झाल्यावर धारवाडात, सप्तापूरच्या घरात बसून माझा वेळ जाईना. नुसती बसले की मला भांडायला सुचतं. त्या पावसाळ्यात नदीनं पात्र सोडलं आणि खालच्या अंगाची काही गावं पाण्यात गेली. त्यातली काही कुटुंबं केलगेरीच्या बाजूला एका बंद पडलेल्या वसतिगृहात आणून ठेवली. सरकारी कागदावर ती माणसं पूरग्रस्त होती, लोकांच्या तोंडी निराश्रित. त्यांच्या मुलांची शाळा बुडाली होती, म्हणून मी दुपारी तिथे शिकवायला जाऊ लागले. शिक्षिकेला इकडे 'अक्कार' म्हणतात. दोन-तीन दिवसांत मी सगळ्यांची अक्कार झाले.

तिथे एक मुलगी होती, नऊएक वर्षांची. गणितात हुशार, पण धड्याच्या मध्येच उठायची आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीचा चुना नखानं खरवडून खायची. मी तिचा हात हातात घेऊन नखं पाहिली. कागदासारखी पांढरी. पापणी ओढून पाहिली, तिथेही लाली नाही. पोट मात्र तट्ट. जे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहून दिलं ते पुढ्यात उभं होतं, आणि मला भयंकर राग आला. कुणावर, ते सांगता आलं नसतं.

तिच्या आईला मी जंतांचं सांगितलं, कॉलेजातल्या बरणीसकट. आई तिशीची, काटक, कमी बोलणारी. बोलायची ती कन्नडच. मी इथे मराठीत लिहिते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध आहे?"

"आहे. चघळायची एक गोळी. मग रक्तवाढीच्या गोळ्या."

"मग द्या," ती म्हणाली.

एवढं सोपं होतं ते. मी आरोग्य केंद्रात जाऊन सिस्टरच्या मागे लागले आणि पुढच्या आठवड्यात वसतिगृहातल्या सगळ्यांसाठी गोळ्या आल्या. तो दिवस मंगळवार होता. तेव्हा त्या वाराकडे माझं लक्षही नव्हतं.

सिस्टर कामाची पक्की. सकाळचं उप्पिट वाटून झाल्यावरच तिनं अंगणात, पाऊस उघडून पडलेल्या कडक उन्हात, टेबल मांडलं. रांगेतल्या प्रत्येकाला ती विचारत होती, "नाष्टा आत्री?" म्हणजे नाश्ता झाला का. आणि प्रत्येकजण म्हणत होता, "आत्री." झाला. हुबळी-धारवाडात हा प्रश्न रस्त्यात भेटलेला माणूसही विचारतो. कोप्पीकर रोडवर कापड घ्यायला गेलं तरी दुकानदार आधी जेवण झालं का विचारतो, मग मीटर हातात घेतो. आपणही 'आत्री' म्हणतो आणि पुढे बोलायला लागतो.

अर्धा तास गेला नसेल, एक बाई भिंतीला टेकून खाली बसली. दुसरी ओकली. ती ओकली म्हणून तिच्या शेजारची. मग दोन मुली पोट धरून रडायला लागल्या, आणि बघता बघता व्हरांडाभर बायका आडव्या. माझी गणितवाली रांगेत शेवटून चौथी-पाचवी होती, तिच्यापर्यंत गोळी पोचली नव्हती. तिच्या आईनं स्वतः गोळी घेतलेली, डोकं गरगरत होतं, तरी उठली आणि मुलीला दंडाला धरून ओढत खोलीत घेऊन गेली. दार आतून लावलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या उठून बसल्या, कुणाला काही झालं नाही. पण तोवर कॅमेरे आले होते.

एक पुढारी सकाळच्या पक्षाचा, एक संध्याकाळच्या, असं मी त्यांना म्हणायची, कारण ते त्या त्या वेळेला यायचे. सकाळचा म्हणाला, निराश्रितांवर औषधाचे प्रयोग चाललेत. संध्याकाळचा म्हणाला, गोळी शंभर टक्के सुरक्षित आहे, बायकांना विरोधकांनी पढवून ओकायला लावलं. पढवून ओकता येतं हे ज्ञान मला प्राणिशास्त्राच्या एकाही पुस्तकात मिळालं नव्हतं! मग कुणीतरी शोध लावला, की त्रास फक्त बायका आणि मुलींनाच झाला, पुरुषांना आणि पोरांना नाही. झालं. दुसऱ्या दिवशी गावभर एकच बातमी, की ही गोळी बायकांना वांझ करायची आहे. वरून आदेश आला, चौकशी होईपर्यंत गोळ्या बंद. उरलेल्या गोळ्या सिस्टरनं कपाटात घातल्या आणि मुलगी भिंत खात राहिली.

आमच्या घरातही तेच. माझा मोठा भाऊ वकील, हुबळीत ऑफिस. सकाळच्या पक्षाकडे त्याचा कल. रविवारी तो जेवायला आला आणि ताटावरच आमची जुंपली.

"अण्णा, तुला जंत कळतात का मला?" मी विचारलं.

"तुला जंत कळतात ग. मला माणसं कळतात. त्या बायकांना कुणी सांगितलं काय, ही गोळी कशाची, काय होईल ते? रांगेत उभं केलं आणि तोंडात घातली. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या 'हो'ला परवानगी म्हणत नाहीत. आणि हे तू विसरायलीस? आपल्या माणसांना आयुष्यभर असंच रांगेत उभं केलं की."

ते खरं होतं. आमचे वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. त्यांच्या पिढीनं धम्म घेतला, शाळा घेतली, पोरांना वकील आणि प्राध्यापक केलं. पण कुणी न विचारता आपल्यासाठी काही ठरवलं की आमच्या घरात आजही सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. माझ्याही.

"परवानगी घ्या ना मग," मी म्हणाले. "बंद कशाला केलीत? तुमचा मुद्दा खरा, आणि पोरगी चुना खातेय हेही खरं. तुमच्या मुद्द्यानं तिच्या अंगात रक्त येणार आहे का?"

त्यानं मान हलवली आणि भात कालवायला घेतला. पण गोळ्या कपाटातच राहिल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मला मात्र एक गोष्ट छळत होती. पुरुषांना काही झालं नाही. जंत बाई-पुरुष बघत नाही, ही गोळीही बघत नाही. डबा एक, दिवस एक, रांग एक. मग फरक कुठला? कुणी उत्तरपत्रिकेत हे लिहिलं असतं, तर मी शेरा मारला असता, 'कारण द्या'. कारण मिळेपर्यंत सोडायचं नाही असं मी ठरवलं.

मी रोज जात राहिले. आईनं माझ्याशी बोलणं तोडलं नव्हतं, पण गोळीचा विषय काढला की उठून जायची. मी घरून काही करून नेलं, लाडू, थालीपीठ, की ती हात जोडून म्हणायची, "आत्री अक्कार, आत्ताच झालं." मुलीलाही खुणेनं नको म्हणायची. हे 'आत्री' मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या आईनं किती घरच्या बायकांना फराळाचं ताट दिलं आणि किती जणी आत्ताच जेवून आल्या होत्या, ते मला ठाऊक आहे. बुडालेल्या गावातून अंगावरच्या लुगड्यानिशी आली, तरी ही शिवाशिव सोबत घेऊन आली, असं मला वाटलं आणि मी आतल्या आत धुमसत घरी आले. तरी दुसऱ्या दिवशी गेले. मुलगी माझ्या रागापेक्षा मोठी होती.

पुढच्या मंगळवारी मुलांचा धडा लांबला. दिवे लागायची वेळ झाली. निघताना त्यांच्या खोलीपाशी आले तर बायका ओळीनं बसलेल्या. मध्ये पणती. प्रत्येकीच्या पुढ्यात एक फडकं, आणि फडक्यात सकाळचं उप्पिट. वाळून खडे झालेलं. त्या पाण्याचा हबका मारून ते मऊ करत होत्या आणि घाईघाईनं खात होत्या. माणूस दिवसभराच्या भुकेनं खातो तसं.

मी दारात उभी राहिले. कारण मिळालं होतं.

आई उठून बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा पडला. मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं. गावची देवी द्यामव्वा. पाणी चढलं तेव्हा माणसं निघाली, देवीला उचलून आणायला कुणाला वेळ मिळाला नाही. ती गाभाऱ्यातच राहिली, पाण्याखाली. होडीतून मागे बघताना बायकांनी नवस बोलला, देवी पुन्हा जागेवर बसेपर्यंत दर मंगळवारी दिवा लागेतो पोटात काही घालायचं नाही. पुरुषांना आणि पोरांना हे लागू नाही. मुलींनाही नव्हतं, पण कळत्या मुली आयांबरोबर हट्टानं राहतात. सकाळचं उप्पिट घेतात, कारण अन्न वाढलेलं परत करायचं नसतं. ते फडक्यात बांधतात.

"म्हणजे गोळी घेतली तेव्हा आदल्या रात्रीपासून उपाशी होतात? त्या उन्हात?"

"होय."

"सिस्टरनं विचारलं होतं की, नाष्टा झाला का!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी किती साधी गोष्ट विचारतेय असं तिच्या डोळ्यांत होतं. "लोकांच्या दारात बसलोय अक्कार. जेवला का म्हणून विचारलं तर नाही म्हणायचं? ते मागितल्यासारखं होतं. घरी असताना नाही म्हणालो नाही, आता म्हणू?"

रिकामं पोट, ऊन, आत जंतांचा बाजार, आणि शेजारणीला ओकताना बघणं. एवढं पुरे होतं. वांझपण नाही, प्रयोग नाही, पढवणं नाही. मला नाचावंसं वाटलं. "हे मी उद्या डॉक्टरांना सांगते," मी म्हणाले.

तिनं माझा हात धरला. इतका घट्ट, की बांगडी रुतली. "नाही. ते पेपरात टाकतील. देवीच्या नेमानं पोरी ओकल्या म्हणतील. हसतील तिला. आधीच ती पाण्यात आहे, अक्कार."

मी देव मानत नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची तसबीर आहे, आणि उपासतापास म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि गुपित तिचं होतं, माझं नव्हतं. न विचारता दुसऱ्याचं ठरवणं हेच तर मला आयुष्यभर खुपलं. मी शब्द दिला. द्यामव्वासाठी मूग गिळून बसायची वेळ माझ्यावर यावी, हे वडिलांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

तिथून मी आरोग्य अधिकारी असलेल्या डॉक्टरांच्या दारात ठिय्या दिला. मागणी एकच. गोळी पुन्हा द्या, बुधवारी द्या, दुपारच्या जेवणानंतर द्या.

"बुधवारच का?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझा शुभ वार आहे."

"मॅडम, तुम्ही सायन्सच्या आणि..."

"सायन्सचीच आहे म्हणून सांगते. बुधवार, जेवणानंतर."

ते बिचारे बरे गृहस्थ होते, पण दोन्ही पक्षांच्या मध्ये सापडलेले. म्हणाले, दोन्ही पुढाऱ्यांसमोर बायकांनी हो म्हटलं तर मी देतो. मी त्याच दिवशी दोन्हीकडे निरोप धाडले. सकाळचा पुढारी अण्णाच्या ओळखीनं कबूल झाला. सकाळचा येतोय कळल्यावर संध्याकाळचा आपोआप आला.

सभेच्या आदल्या दिवशी माझी गणितवाली नळाच्या रांगेत कोसळली. घागर फुटली, कपाळाला खोक पडली. मी पोचले तेव्हा आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि पदरानं खोक दाबून धरली होती. मी पट्टी आणून बांधली. माझ्याकडे बोलण्यासारखं एकच होतं आणि त्यावर मी तोंड बांधून घेतलं होतं. घरी आले आणि ताटावरून न जेवता उठले. उद्या ती बोलली नाही तर मी शब्द मोडणार का, हा एकच विचार डोक्यात. मोडीन, असं एकदा वाटायचं. मग तिची ती पकड आठवायची.

वसतिगृहाच्या अंगणात सतरंज्या पसरल्या होत्या. सकाळचा बोलला, संध्याकाळचा बोलला, मग दोघं एकदम बोलायला लागले. गोळी विष आहे, गोळी अमृत आहे. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर घाम पुसत होते. अण्णा माझ्या शेजारी उभा होता. मी दात आवळून आईकडे बघत होते. तिच्या मांडीवर मुलगी, कपाळाला पट्टी.

ती उठली. मुलीला शेजारणीकडे दिलं आणि पदर खोचला.

"त्या दिवशी मंगळवार होता," ती म्हणाली. "आम्हा बायकांचा नेम आहे, देवीसाठी. आम्ही काही खाल्लं नव्हतं. सिस्टरनी विचारलं, आम्ही झालं म्हणालो. खोटं आम्ही बोललो. गोळीनं काही केलं नाही."

मग सकाळच्या पुढाऱ्याला अचानक उजाडलं. "बघा, बघा! आमच्या माता-भगिनी इथे उपाशी राहतात!" संध्याकाळचा ओरडला, "म्हणजे गोळी निर्दोष! आमचं म्हणणं खरं ठरलं!"

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी दोघं थांबले. "तुम्ही दोघंही येताना विचारता, ऊटा आतेन्री, जेवलात का. आणि उत्तर यायच्या आत कॅमेऱ्याकडे बघता. आता मला डॉक्टरांशी बोलू द्या."

मग तिनं डॉक्टरांना विचारलं. गोळी कशाची? पोटात गेल्यावर काय करते? ओकली तर काय करायचं? पुढे मूल होण्याला काही अडतं का? आणि मी नको म्हणाले तर आम्हाला इथून काढाल का? डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं, साध्या कन्नडमध्ये. पोटुश्या बायकांनी आत्ता घ्यायची नाही, तेही सांगितलं. शेवटच्या प्रश्नाला ते खाली बघून म्हणाले, "नाही काढणार. नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे."

"मग माझ्या मुलीला द्या," ती म्हणाली. "उद्या. जेवण झाल्यावर."

अण्णा माझ्या कानाशी म्हणाला, "याला परवानगी म्हणतात बघ." हे त्याला सांगायची गरज नव्हती. पण मी त्याला बोलू दिलं.

बुधवारी दुपारी भात-सार झालं. सिस्टर टेबलाशी बसली आणि या खेपेला तिनं विचारलं, "काय काय खाल्लं?" मुलीनं भात, सार, कांदा असं सगळं सांगितलं, आणि गोळी कडाकडा चावली. सगळ्यांनी घेतली असं नाही. दोन-तीन घरांनी शेवटपर्यंत घेतली नाही, आणि त्यांना कुणी काढलं नाही. मुलगी ओकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेली आणि कुजबुजत म्हणाली, "अक्कार, तुमच्या बरणीतले ते. खूप." मी भर व्हरांड्यात तिला मिठी मारली. एवढ्या आनंदाची बातमी इतक्या घाणेरड्या विषयावरून मला आधी कधी मिळाली नव्हती.

पेपरात द्यामव्वावर कुणी हसलं का? एकानं दोन ओळी लिहिल्या, खवचट. मी त्याला फोन करून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्या कुटुंबांना गावाजवळच्या माळावर पत्र्याची घरं मिळाली आणि वसतिगृह रिकामं झालं. आईनं जाताना काही वचन वगैरे दिलं नाही. मीही मागितलं नाही. मला मात्र व्हरांड्याच्या त्या कोपऱ्याची आठवण यायची, जिथे भिंतीला नखाचे ओरखडे होते.

संक्रांतीनंतर एका दुपारी दार वाजलं. आई आणि मुलगी. मुलीच्या गालावर रंग आला होता आणि पायांत नवीन चपला होत्या. आई घाईघाईनं सांगत होती. पाणी उतरलं, पुरुषांनी चिखलातून द्यामव्वाला काढलं, धुतलं, माळावर पत्र्याखाली बसवलं. नेम सुटला. हे मला सांगायला ती एसटी बदलून धारवाडला आली होती.

आणि मी, इतकं सगळं होऊन, सवयीनं विचारलं, "ऊटा आतेन्री?"

विचारलं आणि जीभ चावली. आता ती हात जोडणार, आत्ताच झालं म्हणणार, आणि मला कळणार नाही की ते खरं आहे, मानानं आहे, की माझ्या घरामुळे आहे. तो मंगळवारच होता.

ती उंबऱ्यात उभी होती. तिनं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इल्लरी अक्कार," ती म्हणाली. नाही झालं. "भूक लागलीय. वाढा."

त्या दोघी माझ्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसल्या. भाजी होती, चटणी होती, ताक होतं. मुलगी ताटातून मान वर करत नव्हती. भाकरी पुरल्या नाहीत, म्हणून मी पुन्हा पीठ मळायला घेतलं.